लोंढ्याच्या खोलीतली चूल

लोंढ्याच्या रेल्वे चाळीतली ती खोली बघून गुणाबाईच्या जागी दुसरी कोणी असती, तर दारातच बसकण मारून रडली असती. पुढं एक खोली, तीही अशी की खाट टाकली तर दार उघडेना आणि दार उघडं ठेवायचं तर खाट बाहेर. मागं स्वयंपाकाची म्हणून एक बोळकांडी, तिला एक बारकी खिडकी. आधी राहून गेलेल्या कुटुंबानं नेमकी दाराच्या तोंडाशी चूल पेटवली होती, त्यामुळं भिंती, छप्पर, चौकट, सगळं काळंकुळकुळीत. परशराम, तिचा नवरा, बायकोच्या तोंडाकडं बघायचं धाडस न होऊन बाहेर रुळांकडं बघत उभा होता. रेल्वेत सांधेवाला होता तो. दिवसभर रुळांचे सांधे बदलून गाड्यांना वाट काढून द्यायचा, पण घरातल्या गोष्टीत कुठल्या बाजूला वळायचं हे काही त्याला ठरवता यायचं नाही.

गुणाबाईनं खोली एकदा नीट बघितली, पदर कमरेला खोचला आणि म्हणाली, "बास हाय की. माणसं दोन, लागतंय किती?"

ही नुसती बढाई नव्हती हं. खानापूरच्या पलीकडं, जंगलाच्या कडेला तिचं सासर. लग्नानंतरच्या पहिल्याच सुगीत तिनं आपला हात दाखवला होता. भाताची मळणी चालायची तेवढे दिवस अख्खं घर खळ्यावर राहायला जायचं. घरून विस्तवाचं मडकं डोक्यावर घेऊन ही नवी सून खळ्यावर गेली आणि तिथल्या वीतभर खोपीत सगळ्यांचा संसार तिनं असा बसवला, की जेवायला बसल्यावर कुणाचा गुडघा कुणाला लागेना. मीठ कुठं म्हणून विचारावं तर ते हाताशीच. तेव्हापासून गावातल्या बायका लग्नाकार्याला भांडी लावायला तिलाच बोलवायच्या. जागा तिचं ऐकते, असं त्या म्हणायच्या.

सासरहून निघताना तिच्या सासूनं, मालुबाईनं, तिला एकच गोष्ट बजावली. खोली हवी तशी लाव, भांडी हवी तशी मांड, पण मातीची चूल घालू नकोस, तीन दगडांवर भागव. कुणाला हा खुळचटपणा वाटेल, पण त्या घराची ती पिढीजात रीत होती. घरचा माणूस लाकूडतोडीला जावो नाहीतर नोकरीला, परगावी त्यानं तीन दगडांवर शिजवून खायचं. तीन दगड म्हणजे वाटसराचा मुक्काम, आज ना उद्या तो घरी परतणार. मातीची चूल घातली की तो वेगळा झाला. मग शेत वाटायचं, भांडी वाटायची, देवसुद्धा वाटायचे. मालुबाईच्या चुलत दिरानं बेळगावात जाऊन असंच केलं होतं, आणि तेव्हापासून दोन्ही घरं एकमेकांच्या लग्नाला जात नव्हती. मालुबाईला मुलगे दोन, थोरला नागोजी शेतावर आणि धाकटा परशराम रेल्वेत. आपली पोरं अजून एकत्र आहेत, एवढ्या एका गोष्टीवर विधवा म्हातारी गावात ताठ मानेनं वावरायची. गुणाबाई "व्हय आत्ती" म्हणाली आणि गाडीत बसली.

लोंढ्याला आल्यावर पहिले काही दिवस तिनं सामान सोडलंच नाही. दारात उभी राहायची आणि स्टेशनात थांबलेल्या इंजिनाकडं टक लावून बघायची. शेजारी जयाबाई राहायची, एका फायरमनची बायको. बेळगाव शहरात वाढलेली, फळीवर कपबश्या मांडणारी. तिला वाटलं, खेड्यातली पोर, आगगाडीचं अप्रूप असणार. तिनं हसत हसत तसं विचारलंही. गुणाबाईनं तिला सांगितलं की ती गाडी बघत नाही, धूर बघते. सकाळ असो की संध्याकाळ, इंजिनाचा धूर घाटाकडून येतो आणि हुबळीच्या अंगाला वाकतो. म्हणजे वारा घाटाकडं तोंड असलेल्या पुढच्या दारानं आत शिरणार आणि मागच्या खिडकीनं बाहेर पडणार. विस्तव त्या खिडकीखाली पेटवला, की धूर आपल्या पायानं बाहेर जाईल. जयाबाई इतकी वर्षं त्याच चाळीत डोळे चोळत स्वयंपाक करत होती. तिचं हसू जागच्या जागी विरलं, आणि दुसऱ्याच दिवशी तिनं आपली चूल हलवून खिडकीखाली घातली.

मग भिंती. त्या खरवडून, चुना देऊन गुणाबाईनं पांढऱ्याफेक केल्या आणि खाली गुडघाभर उंचीचा कावेचा तांबडा पट्टा ओढला, म्हणजे हातापायाचे डाग दिसायला नकोत. फळ्या ठोकायला हातोडी उचलली तर चाळीचा मुकादम धावत आला. कंपनीच्या भिंतीला खिळा मारायचा नाही, म्हणाला. गुणाबाईनं हातोडी खाली ठेवली, वर छपराकडं बघितलं आणि विचारलं, की वाशांना दोरी बांधू नये असं कंपनीनं कुठं सांगितलंय का? मुकादमानं डोकं खाजवलं. असं काही कंपनीला सुचलंच नव्हतं.

झालं! अख्खा संसार तिनं वर टांगला. काथ्याची शिंकी स्वतः वळली, एकाखाली एक अशी, वरच्यात नाचणीचं पीठ, मधल्यात कडधान्य, हाताशी येईल त्यात तिखट-मीठ. घासलेटच्या रिकाम्या डब्यांची तोंडं कापून, घासून त्यांना दोऱ्या लावल्या आणि त्यांत कांदेबटाटे भरले. बुरडाकडून सरळ बांबू आणून दोन वाशांमध्ये आडवा बांधला, त्यावर कपडे. खाट जयाबाईला देऊन टाकली आणि तिच्याकडून पाण्याच्या घागरींसाठी घडवंची घेतली. अंथरुणाची वळकटी दिवसा दोरीनं वर ओढायची, झोपताना खाली सोडायची. बोळकांडीतली जमीन मोकळी राहिली, आणि खाली बसलेल्या माणसाला हात लांब केला की हवं ते मिळायला लागलं. चाळीतल्या बायका बघायला यायच्या आणि मान वर करून तोंडात बोट घालायच्या. परशरामाच्या डोक्याला एखादा डबा रोज लागायचा, पण तो कुरकुर करत नसे. घरी आल्यावर त्याला बरं वाटायला लागलं होतं, आणि तसं तो बोललाही.

राहिले ते तीन दगड. तेवढ्यानं मात्र गुणाबाईला हात टेकायला लावले. गावाकडं ठीक होतं, तिथं मातीच्या जमिनीत दगड घट्ट बसायचे. इथं खाली गुळगुळीत फरशी. भाकरी थापताना जरा धक्का लागला की दगड सरकायचा, राख घरभर, आणि एवढ्याशा जागेत त्यांच्याभोवती फिरायला वाट नाही. एका दुपारी उकळतं आमटीचं भांडं कलंडलं ते थेट तिच्या पायावर. परशरामानं तेल लावलं, हळद लावली, आणि ती लंगडत लंगडत कामं करत राहिली. पण बसल्या जागी तिचे डोळे त्या खिडकीखालच्या कोपऱ्यावरच असायचे. तिथं मातीची चूल केवढी झक्क बसली असती!

शेवटी तिनं घातलीच. चोरून नाही, डोळे उघडे ठेवून. पांढरी माती, भाताचं तूस, शेण कालवून दोन तोंडांची चूल घातली, बाजूला मंद आचेचा वैल काढला, पाठीमागं गरम भांडी ठेवायला भाणवशी केली. कोपरा होता तेवढाच, पण त्यात ती मापात बसली. आत्ती आल्या की दाखवू, समजावून सांगू, असा तिचा हिशोब. एवढी नेटकी चूल बघून कुणाला राग कसा येईल, हेच तिच्या डोक्यात शिरत नव्हतं. चूल वाळली. आता तिच्याकडची बाई पुजल्याशिवाय चुलीवर शिजवते काय? घास घशाखाली उतरायचा नाही. तिनं चूल सारवली, रांगोळी काढली, हळदकुंकू वाहिलं, परशरामाची काडेपेटी घेऊन जाळ केला आणि गव्हाची गोड हुग्गी शिजवून चाळीतल्या बायकांना जेवायला बोलावलं. नेमका त्याच दिवशी सासरच्या गावचा भावकू लाकडाच्या गाड्या घेऊन लोंढ्याच्या डेपोवर आला होता. परशरामाला भेटायला म्हणून आला आणि पंगतीत बसला. वाडगा भरून हुग्गी खाल्ली, वर मागून घेतली.

भावकू मनाचा चांगला माणूस, पण पोटात काही राहायचं नाही. गावात जाऊन त्यानं मोठ्या कौतुकानं सांगितलं, की परशरामाच्या बायकोनं काय चूल घातलीय म्हणून सांगू, पूजा केली, जेवण घातलं! त्याला वाटलं, आपण चांगली बातमी दिली.

पुढच्या खेपेला तो आला तो मान खाली घालूनच. बातमी ऐकून नागोजीचा तिळपापड झाला होता. धाकट्यानं वेगळंच व्हायचं ठरवलं असेल तर नीट सांगावं, वाटण्या करून मोकळं होऊ, असं म्हणत तो शेताचे बांध बघत फिरत होता. मालुबाई त्या दिवशी जेवली नव्हती. आणि तिनं निरोप पाठवला होता, की येत्या बाजाराच्या दिवशी ती स्वतः लोंढ्याला येणार. चूल खरंच असेल तर सुनेला घेऊन परत जाणार, परशरामानं खाणावळ बघावी.

परशराम उठून चुलीपाशी गेला. आईपुढं त्याची कधी जीभ उचलली नव्हती. तो म्हणाला, "फोड ती. आईनं बघायच्या आत फोड, आन तीन दगड मांड."

"फोडली तर आत्तींच्या म्होरं खोटं बोलल्यागत व्हतंय," गुणाबाई म्हणाली. "घातली ती घातली. त्यांनी बघू दे."

बोलायला बोलली, पण आतून तिचाही जीव टांगणीला लागला होता. या बोळकांडीत ती पहिल्यांदा स्वतःच्या मनानं काहीतरी उभं करत होती. मोठ्या घरात ती कुणाची तरी सून, कुणाची तरी जाऊ. इथं नवरा दमून आला की दोघं खिडकीखाली बसून गरम भाकरी खायची, दिवसभराचं बोलायची. ते सगळं आता जाणार होतं. तरी तिनं भांडी लख्ख घासली, तांबड्या पट्ट्यावर नवा हात फिरवला आणि आत्तींना काय काय दाखवायचं ते मनात लावून ठेवलं.

मालुबाई आली. गाडीतून उतरली, लेकाशी एक शब्द बोलली नाही, तडक खोलीत शिरली. उभ्या जन्माचा चुलीचा धूर खाऊन तिचे डोळे कायम लालभडक आणि पाणावलेले असायचे. ते डोळे बारीक करून तिनं सगळं बघितलं. शिंकं हातानं हलवून बघितलं, डब्याच्या दोरीची गाठ ओढून बघितली, वळकटी वर कशी जाते ते दोनदा करायला लावलं. तोंडावरची आठी जराशी सैल झाल्यासारखी वाटली, तेव्हा दारात उभ्या परशरामानं श्वास सोडला. शिंकी कुणी वळली म्हणून तिनं विचारलं, आणि गुणाबाईनं सांगितल्यावर हुंकार दिला.

मग ती बोळकांडीत गेली आणि चुलीपुढं उभी राहिली. हळदकुंकू अजून पुसलं नव्हतं. गुणाबाईनं मनात लावून ठेवलेलं सगळं, फरशी, दगड, पोळलेला पाय, सगळं सांगायचं राहून गेलं. मालुबाई बाहेर पायरीवर जाऊन बसली. पाण्याचा तांब्या पुढं केला तो तिनं घेतला नाही.

"गुणे," ती म्हणाली, "तू हे घर लई चांगलं लावलंस. पर माझं घर मोडलंस गं."

ती ओरडली असती तर गुणाबाईनं तोंड दिलं असतं. ती ओरडली नाही, आणि त्यामुळंच गुणाबाईला पहिल्यांदा मनापासून वाईट वाटलं. तिनं बोचकं बांधलं, चुलीतला विस्तव राखेखाली दाबला आणि सासूच्या मागोमाग गाडीत जाऊन बसली. परशराम फलाटावर उभा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी सासरच्या मोठ्या स्वयंपाकघरात ती भाकरीचं पीठ मळत होती. मालुबाई चुलीपुढं बसून फुंकत होती. चूल आतल्या अंधाऱ्या कोपऱ्यात, आणि दार घाटाच्या बाजूला. त्यामुळं वारा धुराला कोपऱ्यात कोंबून ठेवायचा आणि तो मालुबाईच्या तोंडावर यायचा. म्हातारी खोकायची, डोळे पुसायची, परत फुंकायची. चूल पलीकडच्या भिंतीतल्या झडपेखाली घातली तर धूर सरळ बाहेर जाईल, हे गुणाबाईला बसल्या बसल्या दिसत होतं. पण आता कुठल्या तोंडानं बोलणार? ती खाली मान घालून मळत राहिली.

बाहेर नागोजी सुगीच्या तयारीला लागला होता. खळं करायचं, खोप घालायची, असं गड्यांना सांगत होता. गुणाबाईची नजर वर गेली. भाणवशीवर विस्तवाचं ते जुनं मडकं पालथं घालून ठेवलेलं होतं, तिनं डोक्यावरून नेलेलं. पीठ मळणारे तिचे हात थांबले.

तिनं हात धुतले, मडकं उतरवलं आणि ते घेऊन मालुबाईच्या समोर बसली.

"आत्ती, सुगीत खळ्यावर आपण चूल घालतोय, ती मातीचीच घालतोय न्हवं?"

"मातीचीच की. दगडावर एवढ्या माणसांचं कसं शिजंल?"

"मग ती वेगळी चूल म्हणायची का?"

मालुबाईनं फुंकणी खाली ठेवली. "ती कशी वेगळी? तिच्यात घरचा विस्तू असतोय."

"मग मला बी घरचा विस्तू द्या," गुणाबाई म्हणाली. "तुमचा ल्योक तितं राबतोय. त्येची मिळकत हितंच येती. लोंढा बी आपलं खळंच हाय, आत्ती. माझं चुकलं ते एवढंच, मी काडेपेटीनं पेटवली. हितनं न्यायला पायजे होता, तुमच्या हातचा."

बाहेरचं नागोजीचं बोलणं थांबलं, तो दारात येऊन उभा राहिला. मालुबाई मडक्याकडं बघत राहिली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण ते तर रोजच वाहायचं, त्यावरून काही कळायला मार्ग नव्हता. गुणाबाईनं मडकं तसंच पुढं धरून ठेवलं. मागं घ्यायचं नाही, एवढं तिनं ठरवलं होतं.

शेवटी मालुबाईनं मडकं घेतलं. तळाला राख घातली, तिच्यावर भाताचं तूस दाबून बसवलं, मधे खड्डा केला. चुलीतून खैराचे चांगले टपोरे निखारे चिमट्यानं वेचून त्यात ठेवले, वर शेणीचा तुकडा, परत तूस, परत राख, आणि वर मातीचा परळ झाकला. गुणाबाईनं हात पुढं केले तर तिनं मडकं आपल्याकडं ओढलं. सुनेला खळ्यापर्यंत विस्तव न्यायची सवय, लोंढ्यापर्यंत तो टिकवायचा म्हणजे वाटेत निगा ठेवावी लागते, असं म्हणून तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला. नागोजी म्हणाला की रेल्वेत विस्तव नेऊ देत नाहीत. तिनं त्याला सांगितलं, त्यानं खळं करायला घ्यावं आणि बांधावर फिरणं बंद करावं. नागोजीनं मुकाट्यानं फावडं उचललं.

गाडीत मालुबाई खिडकीशी बसली, मडकं मांडीवर, वरून पदर. थोड्या वेळानं डब्यात जळक्या शेणीचा वास सुटला. तिकीट तपासायला आलेला माणूस नाक वर करून वास घेत घेत त्यांच्यापाशी येऊन थांबला आणि कन्नडमध्ये विचारायला लागला, की आजीच्या पदराखाली काय आहे. मालुबाईनं मडकं पोटाशी घट्ट धरलं, डोळे मिटले आणि कन्नडमध्येच असं कण्हायला सुरुवात केली, की पोटात कळ येतेय, शेक घेतल्याशिवाय बसवत नाही. लाल डोळे, त्यांतून वाहणारं पाणी, सगळं जागच्या जागी होतंच. त्या माणसानं शेजारच्या लोकांना सरकायला लावून आजीला पाय पसरायला जागा करून दिली. तो गेल्यावर मालुबाईनं एक डोळा उघडून सुनेकडं बघितलं. देवाधर्माला धरून चालणारी आपली सासू एवढं सफाईनं खोटं बोलू शकते, हे गुणाबाईला त्या दिवशी समजलं, आणि तिला तोंडाला पदर लावून हसावं लागलं.

लोंढ्याला परशराम हातात झेंडी घेऊन उभा होता. बायको परत आलेली बघून त्याचा चेहरा उजळला, आणि तिच्या मागून आईला मडकं घेऊन उतरताना बघून तो परत पडला. मडक्यातून बारीक धूर निघत होता. साहेबानं बघितलं तर नोकरी जाईल, असं तो पुटपुटला. आईनं त्याला गाड्यांकडं लक्ष द्यायला सांगितलं.

खोलीत गेल्यावर गुणाबाईनं काडेपेटीनं पेटवलेल्या चुलीतली जुनी राख खरवडून काढली, चूल सारवून घेतली. मालुबाई पाटावर बसली, मडक्याचा परळ उचलला. राखेखाली निखारे लालबुंद होते. तिनं ते चिमट्यानं एकेक करून चुलीत ठेवले, वर बारीक ढलप्या रचल्या आणि फुंकणी लावली. एका फुंकरीत जाळ धरला. सवयीनं तिनं तोंड बाजूला फिरवलं आणि डोळे मिटून घेतले.

ती वाट बघत होती. खोकला आला नाही. तिनं एक डोळा उघडला, मग दुसरा. धूर चुलीवरून निघून सरळ खिडकीतून बाहेर जात होता. तिनं आणखी दोन लाकडं सारली, मुद्दाम ओली बघून. धूर वाढला आणि तोही खिडकीतून निघून गेला. मग तिनं विचारलं, ही जागा कशी शोधलीस? गुणाबाईनं तिला इंजिनाच्या धुराचं सांगितलं, आणि एकदा तोंड उघडल्यावर गावाकडच्या कोपऱ्याचं, घाटाच्या बाजूच्या दाराचं, पलीकडच्या झडपेचंही सांगून टाकलं. सांगितलं आणि जीभ चावली. त्या चुलीवर मालुबाईची सासू शिजवून गेली होती.

मालुबाईनं तांब्या मागितला. पाणी प्यायली, ओल्या पदरानं डोळे पुसले. मग तवा चढवून पहिली भाकरी तिनं स्वतः थापली. दारात परशराम वाकून उभा होता, डबा डोक्याला लागू नये म्हणून. भाकरी फुगली. ती त्याच्या हातावर ठेवताना म्हातारीनं सुनेकडं न बघताच सांगितलं.

"सुगी झाली की ये. तितली चूल फोडू, आन तू म्हणतीस तितं झडपंखाली घालू."

मालुबाईनं दुसरी भाकरी तव्यावर टाकली.

"आन रिकामी येऊ नगंस. नव्या चुलीला हितला विस्तू घिऊन ये."

गुणाबाईनं ते मडकं उचललं, त्यातली राख काढली, घासून पुसून कोरडं केलं आणि सगळ्यात वरच्या शिंक्यात जपून ठेवलं.